नीमचची पांढरी शेते

दिवाळीत अनारसे थापताना आपण पिठाच्या गोळीखाली खसखस पसरतो. ती खसखस कोठून येते, हा प्रश्न वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत मला कधी पडला नव्हता. दुबईला मुलाकडे निघालेल्या शेजारीणबाईंना कोणी तरी बजावले, ‘अनारसे नेऊ नका हो, तिकडे खसखशीला बंदी आहे,’ तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो. खसखस ज्या बोंडात पिकते, त्याच बोंडाच्या सालीतून अफूचा चीक निघतो, हे तेव्हा आमच्या ध्यानी नव्हते. या चिकातून मॉर्फिन आणि कोडीन मिळते. मॉर्फिनवर आणखी प्रक्रिया केली की हेरॉइन होते आणि त्याचे ओबडधोबड, अशुद्ध रूप म्हणजे आपल्या शहरांत तरुण मुलांना गिळून टाकणारे गर्द. एकाच झाडाच्या पोटी सणाचा पदार्थ, मरणपंथावरल्या माणसाचा दिलासा आणि एखाद्या घराचा सर्वनाश अशी तीन भावंडे नांदतात.

हे झाड पाहण्यासाठी मी गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस मध्य प्रदेशातील नीमच येथे गेले. आपणही कधी त्या बाजूला जाल, म्हणून वाट सांगते. मुंबईहून रेल्वेने रतलाम गाठावे. तेथून चित्तोडगडकडे जाणाऱ्या मार्गावर आधी मंदसौर लागते, मग नीमच. मंदसौरला शिवना नदीकाठी पशुपतिनाथाची अष्टमुखी मूर्ती आहे. तिचे दर्शन चुकवू नये. हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. नीमच शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाच्या हद्दीत होते आणि १८१८ साली होळकर व इंग्रज यांच्यातील तह मंदसौरलाच झाला. नीमचच्या मंडीत इसबगोल, ओवा, अश्वगंधा, मेथी यांचे ढीग पाहताना आपल्या घरातील औषधांचा डबाच कोणी तरी उपडा केला आहे, असे वाटते. थंडी सरत आलेली असते, हवा कोरडी असते आणि सकाळच्या फिरण्यासाठी गाव सपाट आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही तेथे त्रास होत नाही.

पण मी तेथे का गेले, हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे बरे नव्हे.

माझ्या थोरल्या बहिणीचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला होता. कूस बदलताना ती ओरडे. पुढे पुढे ओरडण्याचेही बळ उरले नाही, नुसती दात आवळून पडून राही. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुचवल्या. घरात चर्चा झाली आणि सर्वांत मोठा आवाज माझा होता. ‘आयुष्यभर सुपारीचे खांडही न चघळलेल्या बाईला आता या वयात गर्दुल्ली करायची का?’ असे मी म्हणाले. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. भाचा गप्प बसला. जवळच्या रुग्णालयात ते औषध ठेवतच नव्हते, त्यामुळे माझ्या हट्टाला आयतेच बळ मिळाले. अखेर दुसऱ्या एका रुग्णालयातून गोळ्या आल्या, तोवर अकरा दिवस लोटले होते. पहिल्या दोन दिवसांत ताई पेंगुळलेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून उशीला टेकून बसली आणि ‘चहात आले घातलेस का?’ म्हणून विचारले. त्यानंतर ती पाच आठवडे जगली. त्या पाच आठवड्यांत तिने नातवाला पाढे म्हणायला लावले, आपल्या साड्या कोणाला द्यायच्या ते सांगितले आणि माझ्याशी दोनदा भांडलीसुद्धा. मात्र ते अकरा दिवस मी तिच्याकडून हिरावून घेतले होते. त्याची भरपाई नाही. निदान ज्याला मी इतकी भ्याले, ते काय आहे ते एकदा डोळ्यांनी पाहावे, या विचाराने मी नीमचची वाट धरली.

नीमचपासून काही मैलांवरच्या एका गावी ओळखीच्यांच्या ओळखीने एका शेतकऱ्याने शेत दाखवण्याचे मान्य केले. आपण जाल तर एक लक्षात ठेवा: बांधावर उभे राहूनच पाहावे, मालकाच्या संमतीवाचून छायाचित्र घेऊ नये आणि आठवण म्हणून एकही बोंड पिशवीत टाकू नये. ते बाळगणे हाच गुन्हा आहे.

काळ्या जमिनीत कंबरेएवढी उंच रोपे, वर पांढरी शुभ्र फुले आणि पाकळ्या गळालेल्या देठांवर लिंबाएवढी हिरवी बोंडे, वर मुकुटासारखी चकती. शेताभोवती कुंपण, वर जाळे. नीलगाईंपासून आणि विशेषतः पोपटांपासून बोंडे राखावी लागतात. पोपटांना या बोंडांची चटक लागते, हे तेथे लहान मुलेही सांगतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये चिरा लावतात. पहिला चिरा लावण्यापूर्वी कालीमातेची पूजा होते. तीन-चार टोकांच्या बारीक धारदार हत्याराने दुपारी बोंडावर उभ्या रेघा ओढतात. रात्रभर चीक पाझरतो. दुधासारखा पांढरा असलेला तो पहाटेपर्यंत तपकिरी होऊन घट्ट बसतो आणि उन्हे वर येण्याआधी खरवडून घेतात. एकेका बोंडाला दिवसाआड असे तीन-चारदा चिरे पडतात.

‘माँजी, हे पीक नव्हे, तान्हे मूल आहे,’ शेतकरी म्हणाला. ‘रात्री एकटे टाकून झोपता येत नाही.’

परवानगी शेताच्या छोट्याशा तुकड्यापुरती, बहुधा दहा आर म्हणजे हेक्टरच्या दहाव्या हिश्शाएवढी मिळते. परवाना देते केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो. त्याचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. अधिकारी जमीन मोजतात, गावचा लंबरदार रोजच्या चिकाचे वजन नोंदवतो आणि एप्रिलच्या सुमारास सगळी अफू सरकारी तोलाला आणून घालावी लागते. ठरल्यापेक्षा मॉर्फिन कमी भरले तर पुढल्या वर्षी परवाना जाऊ शकतो. गारपिटीने पीक झोपले तर ते अधिकाऱ्यांसमक्ष नांगरून टाकावे लागते. अलीकडे काही शेतकऱ्यांना बोंडांना चिराच न लावता ती वाळवून देण्याचे परवानेही मिळतात. गोळा झालेली अफू नीमच आणि उत्तर प्रदेशातील गाजीपूर येथील सरकारी कारखान्यांत जाते. नीमचचा कारखाना आपल्याला बाहेरूनच पाहता येतो. उंच भिंत आणि पहारा.

सरकार देते त्याच्या कित्येक पट भाव चोरट्या बाजारात मिळतो, हे गावात उघड बोलले जाते. मोह आहे आणि भीतीही आहे. मी त्या शेतकऱ्याला विचारले, ‘तुमचा हा माल शेवटी कोठे जातो, माहीत आहे का?’ तो म्हणाला, ‘दवा बनते, एवढे ऐकून आहे.’ मी त्याला सांगितले की माझी बहीण त्याच्यासारख्याच कोणाच्या तरी शेतातल्या दवेवर पाच आठवडे सुखाने झोपली. गोळी केवढी असते, असे त्याने विचारले. मी बोटाच्या टोकावर तुरीच्या डाळीएवढे माप दाखवले. ‘एवढीशी?’ म्हणून तो बराच वेळ आपल्या शेताकडे पाहत राहिला. तीन पिढ्या हे पीक घेणाऱ्या त्या माणसाने मॉर्फिनची गोळी कधी पाहिली नव्हती.

नाण्याची दुसरी बाजूही त्याच मुलखात भेटते. नीमचपासून राजस्थानची हद्द जवळ आहे. मेवाड-मारवाडात लग्नात, मयताच्या बैठकीत पाहुण्यांपुढे अफू धरण्याची जुनी चाल आहे. तिला तेथे ‘अमल’ म्हणतात. चीक काढून घेतलेली वाळकी बोंडे, म्हणजे डोडा, कुटून पाण्यात भिजवून पिणारे हजारो लोक होते आणि त्यांपैकी अनेकांकडे सरकारी परवाना होता. २०१५-१६ च्या सुमारास ही परवाना-विक्री बंद झाली. सरकारने व्यसनमुक्तीची शिबिरे घेतली. काही जण सुटले. निंबाहेड्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर पंचाहत्तरीच्या घरातले एक आजोबा भेटले. तरुणपणी खाणीत दगड फोडताना अंगदुखीसाठी त्यांनी डोडा सुरू केला होता. ते म्हणाले, ‘कार्ड बंद झाले, बाईजी; हाडे दुखायची थोडीच बंद झाली?’ आता कोठून आणता, असे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

आपल्या मराठीत ‘अंमल’ हा शब्द राज्याच्या सत्तेलाही वापरतात आणि नशेलाही. कायद्याचा अंमल आणि अफूचा अंमल. त्या टपरीवर बसून मला वाटले, की या दोन अंमलांच्या मध्ये जो माणूस सापडतो, त्याचे काय होते, हाच सगळ्या वादाचा गाभा आहे.

अमली पदार्थांविषयीचा आपला मुख्य कायदा १९८५ चा आहे. त्याला एनडीपीएस म्हणतात. तो काळ आठवा. मुंबई-पुण्यात गर्द पसरले होते. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या देणगीच्या पाठबळावर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते १९८६ मध्ये. कायदा कडक हवा, असे तेव्हा प्रत्येक आईबापाला वाटत होते आणि ते चुकीचे नव्हते. मूळ कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षे सक्तमजुरी होती. विकणारा आणि बाळगणारा यांत फारसा भेद नव्हता. २००१ च्या दुरुस्तीने पदार्थाच्या वजनानुसार शिक्षा ठरू लागली. हेरॉइनचे ५ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’, २५० ग्रॅमपासून पुढे ‘व्यापारी’. दुसऱ्यांदा मोठा गुन्हा केल्यास फाशी अनिवार्य, ही तरतूद २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घटनेच्या विरुद्ध ठरवली.

या कडकपणाची एक किंमत मात्र तुरुंगाबाहेरच्यांनी मोजली. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत आणि एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपे. चुकल्यास दहा वर्षांच्या कैदेची टांगती तलवार. औषधाच्या दुकानदारांनी आणि डॉक्टरांनी त्यातून अंग काढून घेतले. जगाला अफू पुरवणाऱ्या या देशात १९८५ नंतरच्या बारा वर्षांत वैद्यकीय मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. माझ्या ताईच्या डॉक्टरांच्या पिढीला हे औषध हाताळण्याचे शिक्षणच नीट मिळाले नाही. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून घरोघरी वेदनाशमनाची सेवा उभी केली आणि कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली, मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या एकाच यंत्रणेकडून परवानगी पुरेशी झाली आणि वैद्यकीय उपयोगासाठी ही औषधे उपलब्ध करणे हा कायद्याच्या उद्दिष्टांचाच भाग झाला.

व्यसनी माणसाविषयीचा वाद मात्र चालूच आहे. एक पक्ष म्हणतो, सेवन हाही गुन्हाच राहावा. भीती गेली तर घराघरांत विष शिरेल. दुसरा पक्ष म्हणतो, व्यसन हा आजार आहे. आजाऱ्याला कोठडीत टाकून तो बरा होत नाही, उलट सराईतांच्या संगतीला लागतो. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता अल्प साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. अशा माणसाला न्यायालयाऐवजी समुपदेशक आणि समाजसेवक असलेल्या समितीपुढे नेतात. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२० मध्ये तसेच काहीसे केले. परंतु उपचारांची सोय वेळेवर उभी राहिली नाही, रस्त्यांवरची दुर्दशा लोकांना सोसवेना आणि २०२४ मध्ये ते पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेत आणावे लागले. शिक्षा काढून टाकणे सोपे. तिच्या जागी उपचार उभा करणे अवघड. आपल्या कायद्यातही स्वखुशीने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देण्याची तरतूद आहे, हे मात्र फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. पोलिसांच्या भीतीने लोक मुलाला लपवतात आणि रोग वाढत जातो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे दोन टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ घेत होते. तेव्हा हा प्रश्न कोणा दुसऱ्याच्या घरातला आहे, असे कोणीच समजू नये.

माझे मत विचाराल तर विकणाऱ्यासाठी कायद्याचा हात कठोर असावा. पण वेदनेने तळमळणारी माझी ताई, टपरीवरचे ते आजोबा आणि तलफेने थरथरणारा एखादा विशीतला मुलगा या तिघांनाही आधी डॉक्टर भेटावा, मग कायदा. हे केवळ पदार्थ पाहून ठरत नाही; माणूस पाहावा लागतो. मी पदार्थाचे नाव ऐकले आणि माणसाकडे पाहायचे विसरले.

म्हणून परतताना मनाशी जुळवलेल्या काही गोष्टी आपल्यापुढे ठेवते. घरात कोणाला डॉक्टरांनी मॉर्फिन सांगितले, तर घाबरून नकार देऊ नका, प्रश्न विचारा. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत घेतलेल्या औषधाने व्यसन जडणे विरळा. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकाएकी बंद करायचे नसते; पण सवय म्हणजे व्यसन नव्हे. दुखणे उफाळून येण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे गोळी द्यावी. बद्धकोष्ठता जवळजवळ सर्वांनाच होते, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यावरचे औषध डॉक्टरांकडून मागून घ्यावे. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि पेंग येते, ती बहुधा ओसरते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी सांगावे, कारण मात्रा बदलावी लागते. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल किंवा श्वास फार मंदावला असेल, तर तत्काळ डॉक्टरांना कळवावे. गोळ्या कुलपात ठेवाव्यात, वहीत रोज मोजून लिहाव्यात, दुसऱ्या कोणालाही ‘गुडघ्याला बरी’ म्हणून देऊ नयेत आणि उरलेल्या रुग्णालयात परत कराव्यात. कुलूप केवळ नातवंडांसाठी नव्हे. उसन्या गोळ्यांतून व्यसन सुरू झाल्याची उदाहरणे व्यसनमुक्ती केंद्रांत पुष्कळ भेटतात. आपल्या वयाचे काही जण कोडीनयुक्त खोकल्याची औषधे किंवा ट्रामाडॉल वर्षानुवर्षे परस्पर घेत असतात, त्यांनीही संकोच सोडून डॉक्टरांशी बोलावे.

मुंबईच्या वांद्र्यातील शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्याच्या वारज्यातील सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून अंतिम टप्प्यातील रुग्णांची सेवा करीत आहे. आपल्या जवळच्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे का, ही चौकशी गरज पडण्याआधीच करून ठेवा. आणि घरातले कोणी नशेच्या विळख्यात असेल, तर केंद्र सरकारचा मदत-दूरध्वनी १४४४६ लक्षात ठेवा. तेथे बोलणे म्हणजे मुलाला पोलिसांच्या हवाली करणे नव्हे.

यंदाच्या दिवाळीत मी अनारसे केले. खसखस पसरताना हात क्षणभर थांबला. नीमचचे ते पांढरे शेत, रात्र जागून काढणारा शेतकरी, टपरीवरचे आजोबा आणि उशीला टेकून आल्याचा चहा मागणारी ताई आठवली. पहिला अनारसा तिच्या तसबिरीपुढे ठेवला आणि मनातल्या मनात क्षमा मागितली. आपल्यावर अशी क्षमा मागण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.